जेन क्रॉफर्डबाई : एका धीराच्या स्त्रीचे चरित्र

वाचकहो, चिंचणी, वाणगाव, डहाणू व तलासरी ह्या आपल्या भागांत एखाद्या बाईचे पोट वाढू लागले म्हणजे लोक काय बोलतात हे आपणांस सांगावयास नको. ती संसारी असली तर तिला दिवस गेले असे म्हणतात. ती अविवाहित असली तर तिच्या पाठीमागे कुजबूज चालते. ती विधवा किंवा उतारवयाची असली तर कोणी करणी म्हणतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो, आणि भगताच्या दारी कोंबडे जाते. ह्या सर्व गडबडीत त्या बाईच्या पोटात खरोखर काय आहे हे विचारण्याचे मात्र राहून जाते. मग कधी तरी ती दवाखान्यात जाते. तेथे तिला कळते की तिच्या बीजाशयास मोठी गाठ आली असून ती शस्त्रक्रियेने काढावी लागेल. दिवस नेमला जातो. तो येईपर्यंतच्या रात्री तिने कशा काढाव्या हे मात्र तिला कोणी सांगत नाही.

अशा बहिणींसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी आज एका स्त्रीचे चरित्र सांगावयाचे आहे. ती आपल्या देशाची नव्हती. ती राणी नव्हती की विदुषी नव्हती. ती शेतकऱ्याची बायको होती. तरी पोटातील गाठ काढवून घेऊन जगलेल्या स्त्रियांमध्ये, इतिहासात ज्यांची नोंद नीट राहिली आहे अशांत, तिचे नाव पहिले घेतले जाते. तिचे नाव जेन टॉड क्रॉफर्ड.

जेनचा जन्म अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात १७६३ साली डिसेंबर महिन्यात झाला. तिचे माहेरचे आडनाव टॉड. १७९४ साली टॉमस क्रॉफर्ड नावाच्या गृहस्थाशी तिचे लग्न झाले. पुढे काही वर्षांनी हे कुटुंब डोंगर ओलांडून पश्चिमेकडे केंटकी प्रांतात गेले. तो प्रांत त्या वेळी नवा वसत होता. अरण्य तोडून शेते करावयाची, ओंडक्यांची घरे बांधावयाची, आणि शेजारी म्हटला तर दूरदूर. ग्रीन्सबर्ग नावाच्या गावापासून काही मैलांवर त्यांचे घर होते. तेथे जेनबाई मुलाबाळांचे करीत, शेताचे पाहत, आणि प्रभूच्या दिवशी उपासनेस जात. अशा साध्या संसारात तिची चाळिशी उलटली.

१८०९ साली तिचे पोट वाढू लागले. तिने पूर्वी मुले प्रसवलेली असल्यामुळे हेही बाळंतपणच असे तिला वाटले, व जवळच्या दोघा वैद्यांसही तसेच वाटले. महिने भरले, पोट फारच मोठे झाले, प्रसूतीच्या वेणांसारख्या कळाही येऊ लागल्या. परंतु मूल काही जन्मास येईना. वैद्यांची मती गुंग झाली. तेव्हा त्यांनी डॅनव्हिल गावच्या डाक्टर एफ्रेम मॅक्डौल यांस बोलावणे पाठविले. डॅनव्हिल तेथून साठ मैलांवर होते. साठ मैल म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर. डहाणू रोड स्थानकापासून आगगाडीने बोरिवलीस जाण्यास जेवढे अंतर पडते त्याहून थोडे अधिक. तेथे आगगाडी नव्हती. दिवस कडक थंडीचे होते. डाक्टर घोड्यावर बसून आले.

ह्या डाक्टरांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. त्यांचा जन्मही व्हर्जिनियातच, १७७१ साली झाला. त्यांचे वडील न्यायाधीश होते. तरुणपणी ते समुद्र ओलांडून स्कॉटलंडातील एडिंबरो येथे वैद्यक शिकावयास गेले, व तेथे जॉन बेल नावाच्या नामांकित शस्त्रवैद्याजवळ त्यांनी पाठ घेतले. पदवी न घेताच ते १७९५ साली डॅनव्हिलास परतले आणि तेथेच त्यांनी आपला धंदा मांडला. हात स्वच्छ, नजर स्थिर, व बोलणे थोडके, अशी त्यांची ख्याती पसरली. पुढे १८१२ साली त्यांनी एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयातील खडा काढला. तोच मुलगा, जेम्स पोक, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

डाक्टरांनी जेनबाईंस नीट तपासले. गर्भाशयात मूल नाही, आणि पोटात आहे ती बीजाशयाची गाठ आहे, हे त्यांनी ओळखले. बीजाशय म्हणजे गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस असलेले, बदामाएवढे, स्त्रीबीज तयार करणारे दोन लहान अवयव. त्यांतील एकास अशी गाठ धरते. तिच्यात कधी पाणी, कधी चिकट द्रव साचत जातो, आणि ती हळूहळू सारे पोट व्यापून टाकते. त्या काळी अशा बाईस दोनच वाटा होत्या. पोटास भोक पाडून पाणी काढावयाचे, ते पुनः भरावयाचे, पुनः काढावयाचे, आणि शेवटी खंगून मरावयाचे. किंवा काहीच न करता मरावयाचे. पोट उघडून गाठ काढावी असे काही विद्वानांनी बोलून दाखविले होते, पण तसे करण्यास कोणी धजत नसे. पोट उघडले की मनुष्य मेलाच, अशी मोठमोठ्या शस्त्रवैद्यांची खात्री होती.

येथे ह्या चरित्रातील पहिली शिकण्यासारखी गोष्ट आहे. डाक्टरांनी जेनबाईंपासून काहीच लपविले नाही. नवऱ्यास बाजूला घेऊन कुजबुजले नाहीत, की तिला खोटा धीर दिला नाही. रोग कोणता, तो तसाच राहिला तर काय होईल, शस्त्रक्रियेत मरणाचे भय किती, आणि असे काम आपण पूर्वी केलेले नाही व कोणी यशस्वीपणे केल्याचे ऐकलेलेही नाही, हे सर्व त्यांनी तिच्या तोंडावर सांगितले. मरणास सिद्ध असून ती डॅनव्हिलास येईल तर आपण हा प्रयत्न करू, असे त्यांनी तिला कळविले. निर्णय तिचा तिने करावयाचा होता, आणि तो तिने केला. ती जाण्यास तयार झाली.

तो प्रवास कसा झाला असेल ह्याचा विचार करा. पोटात एवढे ओझे, वाट अरण्याची, थंडी कडाक्याची, आणि वाहन म्हणजे घोडा. खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर पोट टेकवून ती साठ मैल चालली. त्या घर्षणाने पोटाची डावी बाजू खरचटून काळीनिळी झाली होती, हे डाक्टरांनी पुढे आपल्या लेखात लिहून ठेविले आहे. ह्या वाटेवर तिच्या मनात काय चालले होते हे कोणी लिहून ठेविलेले नाही. परंतु जिला स्वतःला शस्त्रक्रियेची वाट पाहावी लागली आहे तिला ते सांगावे लागणार नाही. मुले मागे राहिली आहेत. पुढे काय आहे ते दिसत नाही. आणि परत फिरले तरी मरण चुकत नाही. अशा वेळी मनुष्य एकेक पाऊल तेवढे पाहतो.

शस्त्रक्रिया डॅनव्हिल येथे डाक्टरांच्या घरी झाली. ती नाताळच्या दिवशी झाली असे परंपरेने सांगतात. डाक्टरांच्या लेखात केवळ डिसेंबर १८०९ एवढेच आहे. डाक्टरांचा पुतण्या जेम्स हाही वैद्य होता. प्रथम त्यास हे धाडस पसंत नव्हते, परंतु अखेरीस तो मदतीस उभा राहिला. गावातील लोक खवळले होते, व बाई मेली तर डाक्टरांस शिक्षा करावी म्हणून बाहेर जमले होते, अशीही दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, बाई दगावली असती तर डाक्टरांचे नाव बुडाले असते ह्यात संशय नाही.

त्या काळी भूल देण्याची विद्या नव्हती. ईथर हुंगवून रोग्यास बेशुद्ध करण्याचा प्रयोग बॉस्टन शहरी लोकांसमक्ष झाला तो १८४६ साली, म्हणजे सदतीस वर्षांनंतर. जंतूंमुळे जखम सडते हे ओळखून लिस्टर यांनी जंतुनाशकाचा उपयोग प्रसिद्ध केला तो १८६७ साली. म्हणजे जेनबाई शुद्धीवर असताना, साध्या मेजावर, तिचे पोट उघडण्यात आले. त्या वेळी ती स्तोत्रे म्हणत होती असे तिच्याविषयी सांगत आले आहेत.

डाक्टरांनी डाव्या बाजूस सुमारे नऊ इंच लांबीचा छेद घेतला. पोट उघडताच आतडी बाहेर मेजावर आली, आणि गाठ इतकी मोठी होती की ती शस्त्रक्रिया संपेपर्यंत आत घालता आली नाहीत. गाठ अखंड काढणे शक्य नव्हते. म्हणून तिच्या मुळाशी, गर्भाशयाजवळ, दोऱ्याने घट्ट बांधून डाक्टरांनी ती फोडली व आतील चिकट द्रव काढला. तो १५ पौंड भरला. मग पिशवी कापून काढली, ती साडेसात पौंड भरली. दोन्ही मिळून साडेबावीस पौंड, म्हणजे सुमारे १० किलो. वर्षभराच्या धष्टपुष्ट बाळाएवढे हे ओझे त्या बाईने अंगात वागविले होते. नंतर पोटात साचलेले रक्त निघून जावे म्हणून तिला डाव्या कुशीवर वळविले, आतडी आत घातली, आणि जखम शिवून टाकली. हे सर्व काम सुमारे पंचवीस मिनिटांत उरकले.

पाच दिवसांनी डाक्टर तिला पाहावयास गेले, तो ती उठून आपले अंथरूण आपणच आवरीत होती. डाक्टर घाबरले व त्यांनी तिला स्वस्थ पडून राहण्याची ताकीद दिली. पंचवीस दिवसांनी ती घरी परतली. त्यानंतर ती आणखी बत्तीस वर्षे जगली, व १८४२ साली मार्च महिन्यात इंडियाना प्रांतातील ग्रेजव्हिल येथे मुलाच्या घरी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वारली. भुलीची विद्या जगास ठाऊक होण्यापूर्वी चार वर्षे ती ह्या जगातून गेली.

डाक्टर मॅक्डौल यांनी ह्या गोष्टीचा गाजावाजा केला नाही. अशीच आणखी दोन कामे केल्यावर १८१७ साली त्यांनी फिलाडेल्फिया येथील एका वैद्यकीय पत्रात लहानसा लेख छापविला, व १८१९ साली आणखी दोन रोग्यांची हकीकत दिली. पुष्कळांनी विश्वास ठेविला नाही. लंडनच्या एका नामांकित वैद्यकीय पत्राच्या संपादकाने तर उपहास केला. परंतु पुढे खरे काय ते कळल्यावर त्याने छापून क्षमा मागितली. १८३० साली पोटाच्या तीव्र विकाराने डाक्टर स्वतःच मरण पावले. इंग्लंडात स्पेन्सर वेल्स ह्या शस्त्रवैद्याने १८५८ पासून ही शस्त्रक्रिया वारंवार करून तिला मान्यता मिळवून दिली. केंटकी प्रांताने १९२९ साली मॅक्डौल यांचा पुतळा वॉशिंग्टन येथील संसदभवनास दिला. त्यांचे डॅनव्हिलचे घर जतन करून ठेविलेले आहे.

सत्य सांगावयाचे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डाक्टरांनी छापलेल्या पहिल्या पाच रोग्यांपैकी जेनबाई सोडून बाकीच्या चौघी काळ्या वर्णाच्या स्त्रिया होत्या. त्या प्रांतात तेव्हा गुलामगिरी होती, आणि गुलाम स्त्रीस आपल्या देहाविषयी हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क कायदा देत नसे. त्यांतील एक शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी मरण पावली. जेनबाईंचे नाव राहिले. ह्या चौघींची नावे त्या लेखांत नाहीत. आज जगभर स्त्रियांस जो लाभ होत आहे त्यात ह्या चौघींनीही दुःख सोसले, हे आपण विसरू नये. आपल्या समाजातही ज्यांची नावे कोणी विचारीत नाही अशा पुष्कळ आहेत.

आता आपल्या देशाकडे वळू. स्त्रियांस स्त्रीडाक्टरांकडून उपचार मिळावे म्हणून मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा ह्या पारशी दात्याच्या देणगीतून १८८६ साली कामा रुग्णालय उघडले. दक्षिण महाराष्ट्रात डाक्टर विल्यम वानलेस हे १८८९ साली आले, व १८९४ साली मिरज येथे त्यांचे मिशन रुग्णालय सुरू झाले. तेथे शस्त्रक्रियेसाठी दूरदूरच्या खेड्यांतून लोक येत. जेनबाईंस घोड्यावरून साठ मैल जावे लागले. आज डहाणूस सरकारी रुग्णालय आहे, आणि तेथून पुढे पाठविले तरी वाणगाव व डहाणू रोड येथून गाडी मुंबईस जाते. वाट सोपी झाली आहे. भय मात्र तेच आहे.

म्हणून ज्या बहिणी आज शस्त्रक्रियेच्या दिवसाची वाट पाहत आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी स्पष्ट लिहितो.

पहिले भय कर्करोगाचे असते. बीजाशयाच्या गाठींपैकी बहुतेक, विशेषतः पाळी चालू असलेल्या वयात, कर्करोगाच्या नसतात. पाळी गेल्यानंतर आलेल्या गाठीची काळजी अधिक घ्यावी लागते. गाठ मोठी आहे एवढ्यावरून ती वाईटच असे ठरत नाही. जेनबाईंची गाठ १० किलोची होती, तरी ती बत्तीस वर्षे जगली. सोनोग्राफी व रक्ताची तपासणी ह्यांवरून डाक्टर अंदाज करितात. पण पक्के उत्तर गाठ काढून प्रयोगशाळेत तपासल्यावरच मिळते. म्हणून काढलेल्या गाठीचा अहवाल घेण्यास विसरू नये.

दुसरे भय शस्त्राचे. आज भूल देऊनच हे काम करितात, व रोग्यास वेदना कळत नाही. पूर्वी कधी भुलीचा त्रास झाला असल्यास, कोणतेही औषध चालू असल्यास, दम, मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास ते डाक्टरांस आधीच सांगावे. उपाशी राहण्यास सांगितले असता लपून चहा पिऊ नये. त्यात जिवास धोका आहे.

तिसरे भय संसाराचे. एक बीजाशय काढले तरी दुसरे निरोगी असल्यास पाळी येते व मूलही होऊ शकते. दोन्ही काढावी लागतील काय, गर्भाशय काढावे लागेल काय, हे दिवस येण्यापूर्वीच विचारावे. विचारणे हा उद्धटपणा नव्हे. जेनबाईंस सारे सांगितले गेले म्हणूनच ती धीराने जाऊ शकली.

आणि एक सावधगिरी. वाट पाहत असताना अकस्मात पोटात एका बाजूस असह्य कळ येऊन ओकाऱ्या होऊ लागल्या, चक्कर आली किंवा ताप चढला, तर नेमलेल्या दिवसाची वाट पाहू नये. गाठीला पीळ बसतो किंवा ती फुटते, आणि तेव्हा त्याच घटकेस रुग्णालय गाठावे लागते, मग रात्र असो की पाऊस. अशा पोटावर कोणी तेल चोळून दाबू नये, आणि डाम तर मुळीच देऊ नये. ज्या बाईचे पोट आठवड्यानुआठवडे फुगलेले राहते, थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे होते, ओटीपोट दुखते, किंवा लघवीस वारंवार जावे लागते, तिने लाज न धरता तपासून घ्यावे.

आता मंडळीतील उपदेशकांस व बायबलबाईंस एक विनंती आहे. अशा घरी गेल्यावर प्रार्थना करून लगेच उठू नका. बाईच्या पाठीमागे तिची मुले कोण सांभाळणार, दुभते जनावर कोण पाहणार, रुग्णालयात तिच्याजवळ रात्री कोण निजणार, रक्त लागल्यास कोण देणार, हे तेथेच बसून ठरवा. तिच्या पोटाविषयी गावात वाईट बोलले जात असेल तर ते तोंड बंद करणे हेही तुमचेच काम आहे. आणि तिने भयाचे शब्द काढले तर तिला विश्वास कमी म्हणून दोष देऊ नका. जी बाई साठ मैल घोड्यावर गेली तिलाही भय वाटलेच असेल. ती भय नव्हते म्हणून गेली नाही, तर भय बरोबर घेऊन गेली.

केंटकीत ग्रीन्सबर्ग येथील रुग्णालयास आज जेन टॉड क्रॉफर्ड हिचे नाव आहे. ज्या वाटेने ती मरण समोर ठेवून निघाली, त्याच वाटेच्या आरंभी आजारी माणसे आज बरी होण्यास येतात. आपल्या पाड्यातून एखादी बहीण रुग्णालयास निघेल, तेव्हा तिला गाडीपर्यंत पोहोचविण्यास कोणी तरी बरोबर असावे.